अर्ध्या तोंडाचा सौदा

मॅडमनं टमाटा मधोमध कापला, अर्धा माझ्या डाव्या गालावर घासला आणि समोरच्या बायांना म्हणाली, "उजवा गाल असाच ठेवायचा. म्हणजे फरक दिसेल."

सिमेंट कंपनीच्या कॉलनीतला हॉल. दहा-बारा साहेबांच्या बायका गादीच्या खुर्च्यांवर, मी स्टुलावर. रस मानेवरून पोलक्यात उतरत होता. बिया ओठाला चिकटल्या होत्या. मागून एक म्हणाली, "हिच्यावर फरक पडला तर आपल्यावर नक्कीच पडेल." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची आजही किळस येते.

मी गडचांदूरची भाजीवाली. पहाटे कोरपन्याकडच्या वाड्यांवरून माल उचलते, पानांवरची सिमेंटची धूळ पुसते आणि कॉलनीच्या फाटकासमोर दुकान मांडते. भावात मला कोणी हरवलेलं नाही. मला येताना पाहून शेतकरी आधीच चढा भाव सांगतात. म्हणून मॅडमनं फसवलं असं मी म्हणणार नाही. सौदा मीच ठरवला होता.

आमच्याकडे टमाट्याला भेदरं म्हणतात. वजन झालं की वर एखादं नरम भेदरं फुकट टाकायचं, चटणीला. कॉलनीतल्या बाया ते तोंडाला लावायला मागायच्या. मॅडम दर गुरुवारी अशा घरगुती उपायांचा वर्ग घ्यायची. एक दिवस म्हणाली, "तू येऊन बस. तुझ्यासारखा रंग हवाय दाखवायला."

डोकं तापलं. पण दुपार झाली होती आणि एक कॅरेट माल नरम पडत होता.

मी म्हटलं, "दर गुरुवारी अख्खं कॅरेट घ्यान तर बसीन."

ती लगेच हो म्हणाली. मला वाटलं, जिंकले.

तीन गुरुवार बसले. दुसऱ्या गुरुवारी एक गोष्ट दिसली. बाकीच्यांच्या तोंडाला मॅडम बोटांनी रस लावायची. माझी पाळी आली की हातमोजा. पिवळा, भांडी घासायचा. मी पाहिलं आणि गाल पुढे केला. माल जात होता.

याहून घाण गोष्ट पुढे आहे. घरी येऊन मी आरशात दोन गाल ताडून बघायचे. उन्हानं फुटलेला गाल रसानं आगीसारखा जळायचा आणि मी म्हणायचे, गुण येतोय.

तिसऱ्या गुरुवारी घरी आले, तर सातवीतली माझी पोर अर्धं भेदरं घेऊन चुलीजवळ बसलेली. गाल सोलून निघालेला. फक्त डावा.

"हे काय करून राह्यली?"

"तूच तं लावते. मी बी तुयासारखीच काळी ना, आई."

मारायला उचललेला हात तसाच राहिला. मार मला बसायला हवा होता. मी तिचं तोंड धुतलं. साध्या पाण्यानंही ती कळवळली.

चौथ्या गुरुवारी मी गेले. स्टुलावर बसले नाही. मॅडम हातमोजा चढवत होती.

"मॅडम, तो काढा."

"अगं, स्वच्छतेसाठी असतं ते."

"मंग बाकीच्यायले काऊन नाई?"

मग मागची बाई म्हणाली, "भाव वाढवून मागतेय, दुसरं काही नाही."

मॅडमला ते पटलं. "बरं, दोन कॅरेट घेते. बस आता."

न मागता भाव वाढला, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना माझी किंमत इतकीच कळली होती, आणि ती मीच कळवली होती.

"नाई बसत," मी म्हटलं. बशीतलं अर्धं भेदरं उचललं, त्यांच्यासमोर खाल्लं, हात पदराला पुसले आणि निघाले.

कॉलनीतल्या बऱ्याच बायांनी माझ्याकडे येणं सोडलं. सोडू द्या. चटणीला नरम भेदरं मी अजून फुकट देते. तोंडाला हवं असेल तर पैसे मोजून घ्यावं लागतं, आणि तिथे मी घासाघीस ऐकत नाही.

पोरीच्या गालावरचा डाग गेला. पण फोटो काढताना ती अजून उजवा गाल पुढे करते. यासाठी मी मॅडमला माफ करणार नाही. त्या स्टुलावर हसलेल्या बाईलाही नाही.

फाटकासमोरची जागा मी सोडलेली नाही. रविवारी पोर माझ्याजवळ बसते, तराजू तिच्या हातात. मॅडमची गाडी बाहेर निघाली की पोरीची मान आपोआप वळते, डावा गाल लपवायला. मी तिची हनुवटी धरून सरळ करते.

"समोर पाह्य. दोन्ही गाल दिसू दे तिले."