संघपालच्या खिशातला फ्यूज

औरंगपुऱ्यामागच्या गॅरेजात संघपाल मिस्त्री पंधरा वर्षं काम करतो. त्याचा डावा डोळा त्याआधीच गेला. दुसऱ्या एका गॅरेजात मालकानं घाई लावली आणि संघपालनं पाइपातला दाब न काढताच पेट्रोलचा फिल्टर खोलला. गाडी बंद असली तरी पाइपात दाब कोंडलेला असतो. चिळकांडी सरळ डोळ्यात गेली.

तेव्हापासून त्याचा नेम ठरला. आधी टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फ्यूज काढायचा. मग इंजिन चालू करायचं आणि पाइपातलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. आणखी दोनदा चावी मारून बघायची, बॅटरीची तार काढायची, जोडाभोवती फडकं गुंडाळायचं, तेव्हा कुठं पाना लावायचा. फ्यूज मात्र स्वतःच्या खिशात. मी अनंतराव, त्याचं जुनं गिऱ्हाईक, पेन्शनर माणूस, मला कसली आलीय घाई! तरी या सोपस्काराचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी मालक राजकुमारशेठनं यातलं निम्मं बंद केलं. बॅटरी काढली की गाडीतलं घड्याळ पुन्हा लावावं लागतं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. एका बड्या माणसाला तर फ्यूजचाच राग आला. आपल्या गाडीची वस्तू मिस्त्रीच्या खिशात कशाला? तेव्हापासून फ्यूज गिऱ्हाइकासमोर, डॅशबोर्डवर.

संघपाल दुसरीकडं काम विचारून आला. पन्नाशीचा, एका डोळ्याचा मिस्त्री कुणालाच नको होता.

"जाणार कुठं, साहेब?" तो मला म्हणाला होता. "ह्या एका डोळ्यावर घर चाललंय. ह्यो बी गेला तर संपलंच की."

मी मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं?

मे महिन्यात माझ्या जुन्या गाडीचा फिल्टर बदलायचा होता. संघपालनं फ्यूज काढला, इंजिन बंद पडू दिलं आणि जॅकवर चढवलेल्या गाडीखाली पाठीवर सरकला. तिथं कूस बदलायलाही जागा नव्हती.

"साहेब, बाहेर सावलीत बसा," तो खालून म्हणाला. मी हट्टानं गाडीतच बसलो.

घामानं सदरा भिजला. खालची खुडबुड थांबली. काम झालं असणार असं मी ठरवून टाकलं. एसीचा गारवा हवा तर इंजिन चालू हवं. फ्यूज समोरच होता, त्याची जागा गुडघ्यापाशी, शंभरदा पाहिलेली. मी तो बसवला आणि चावी फिरवली. मागं पंप घुमला.

"बंद करा! बंद करा!"

मी चावी काढली. संघपाल कोपरांवर घासत बाहेर आला. डावा गाल, कान, मान पेट्रोलनं भिजली होती. नळाखाली तो कितीतरी वेळ तोंड धूत राहिला. मी मागं जाऊन उभा राहिलो.

"डोळा?" मी कसंबसं विचारलं.

"वाचला. गेलेली बाजूच जोडाकडं करून काम करतो मी, साहेब. चांगला डोळा तिकडं वळवतच नाय."

तेवढ्यात राजकुमारशेठ धावत आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चावी माझ्याच हातात होती. मग तो संघपालवर ओरडला, "फ्यूजवर लक्ष ठेवता येत नाय व्हय रे तुला? साहेबांना काय झालं असतं म्हंजे?"

मी बोलायला हवं होतं. लाज वाटते, पण मी चावी तेवढी खिशात घातली.

"चुकलं, शेठ," संघपाल म्हणाला. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून तो पुन्हा गाडीखाली सरकला.