ओमाची जड बॅग आणि ऱ्हाइनपलीकडचं लग्न

माझी भाची येत्या सप्टेंबरात जर्मनीला निघाली आहे. परवा फोनवर विचारत होती, "मावशी, तिथे सगळीकडे कार्ड चालतं ना गं? सुटे पैसे कोण सांभाळत बसणार!" तिला दोन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि डोळ्यांसमोर चौसष्ट सालचा आमचा प्रवास उभा राहिला. म्हटलं, लिहूनच काढावं. ज्यांना हॅनोव्हरहून ऱ्हाइनकडच्या द्राक्षमळ्यांत जायचंय, त्यांनाही उपयोग होईल.

तेव्हा आमचे हे हॅनोव्हरला इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट करत होते. मी लग्न होऊन सांगलीहून थेट तिथे. फ्राऊ केलर नावाच्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, आणि खाली त्यांची म्हातारी आई. सगळे तिला ओमा म्हणत, म्हणजे आजी. बटाटे सोलता सोलता मला जर्मन शिकवलं ते ओमानेच. फ्राऊ केलरचे यजमान युद्धातून परतलेच नाहीत. त्या दिवसभर कामावर असायच्या, त्यामुळे त्यांच्या मुलीला, इंगेला, ओमानेच वाढवलेलं.

त्या इंगेचं लग्न ठरलं. मुलगा लुडविग्सहाफेनच्या बचत बँकेत, म्हणजे तिथल्या श्पारकासेत कारकून, नाव डीटर. घर त्याचं तिथून पुढे द्राक्षमळ्यांतल्या एका खेड्यात. फ्राऊ केलर तयारीसाठी आधीच जाणार होत्या. त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "ओमाला तुम्ही घेऊन याल का? ती एकटी येऊ शकेल हो, पण तिची बॅग...!"

बॅगेची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. त्या काळी पाच मार्कांची नोटही होती आणि चांदीचं नाणंही. नाणं हाती आलं की ओमा ते खर्च न करता त्या बॅगेत टाकायची, इंगेच्या लग्नासाठी. डीटर पहिल्यांदा घरी आला तेव्हा ती बॅग बघून हसला होता. "ओमा, जत्रेत दुकान मांडायचंय का? बँकेत भरा, मी पासबुक काढून देतो." तो काही वाईट मनाने बोलला नव्हता. पण ओमाने इंगेला बजावलं, "लग्नात चारचौघांत हसला, तर मी त्याच पावली परत." इंगेने जाताना माझे हात धरले. "ती अर्ध्यातून गेली तर ते लग्न माझं नाहीच. सांभाळ तिला." मी मान डोलावली.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही निघालो. दोघांची जायची-यायची तिकिटं म्हणजे आमचा महिन्याचा भाजीपाला, पण डबा मात्र ऐसपैस होता. ह्यांनी शिष्टाचार म्हणून बॅगेला हात घातला, तर ओमाने त्या हातावर चापटच मारली. ती बॅग तिने मांडीवर घेतली आणि लुडविग्सहाफेनपर्यंत खाली ठेवली नाही. डावीकडची खिडकी धरा, गोटिंगनच्या पुढे टेकड्या आणि लाल कौलांची गावं फार सुंदर दिसतात. मी दुधात कणीक मळून केलेल्या दशम्या काढल्या. ओमाला त्या लोण्याबरोबर आवडायच्या.

समोर एक तरुण फिरता विक्रेता बसला होता. ओमाने नाणी चाचपायला बॅग उघडली तेव्हा त्याला आतली चांदी दिसली.

"आजी, एवढं ओझं कशाला वागवता? नोटा कशा हलक्या असतात."

"हलक्या असतात म्हणूनच उडून जातात," ओमा म्हणाली.

मग तिने सांगितलं ते मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत तिच्या नवऱ्याने दोन गायी विकल्या. पैसे हातात पडेपर्यंत त्यांत बूटही येईना. पुढे अठ्ठेचाळीस साली चलन बदललं आणि बँकेतल्या पुंजीची राख झाली. "दोनदा," ती दोन बोटं नाचवत म्हणाली, "कागदाने मला दोनदा फसवलं. कागदावर काहीही छापा, तो बिचारा नाही म्हणत नाही."

त्या तरुणाने वर्तमानपत्र उघडलं. मला मात्र मनातून ते पटत नव्हतं. आमच्याकडे नाणं म्हणजे चिल्लर! भाऊबीजेला करकरीत नोट पडली की आम्ही हरखून जायचो. आमचे हे तर दुकानात नाण्यांनी पैसे द्यायला लाजायचे, लोक काय म्हणतील म्हणून.

फ्रँकफर्टला गाडी मागच्या बाजूने परत निघते, घाबरू नका, ते स्टेशनच तसं आहे. आम्ही तिथे गाडी बदलली आणि मधल्या वेळात सूप घेतलं. वाढप्याच्या कमरेला चामड्याची थोरली पर्स होती. नाण्यांनी ती फाटते म्हणून त्याने कुरकुर केली. "मग बक्षिशी नोटेत देऊ?" ह्यांनी विचारलं. "छे छे, ती नाण्यातच द्या," तो म्हणाला, "नोट दिसली की बायको काढून घेते." ओमा इतकी हसली की तिला ठसका लागला.

ऱ्हाइनचा पूल ओलांडला की लुडविग्सहाफेन. कारखान्याची धुराडी मोजायला गेलात तर मान दुखेल, आणि हवेला औषधाच्या दुकानासारखा वास. तिथून एक छोटी ट्राम शहर सोडून थेट मळ्यांत शिरते. ती आजही आहे, तिच्यात बसाच. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या रांगा, इतक्या जवळ की हात बाहेर काढावासा वाटतो. सांगलीत आमच्याकडे द्राक्षांचं कौतुक पुढे फार झालं, पण मळा कसा डोळ्यांत भरतो ते मी पाहिलं त्या संध्याकाळी. मुक्काम एका मळेवाल्याकडे होता. जेवायला बटाट्याचं सूप आणि वाफेवर फुगवलेला, तळाशी खारट खरपूस पापुद्रा धरलेला गोळ्यासारखा पाव. शाकाहारी लोकांनो, त्याचं नाव डाम्पफनुडेल, विसरू नका. वर कांद्याचं पिठलं पसरल्यासारखी दिसणारी भाकरी समोर आली तर मात्र आधी विचारा, तिच्यात डुकराचं मांस लपलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी लग्न. चर्चमधला विधी आटोपून सगळे गावच्या सभागृहात जेवायला जमले. एका टेबलावर भेटी ठेवल्या होत्या. आम्ही पाकिटाला हळदकुंकू लावून आहेर ठेवला: वीस मार्कांची नोट आणि वर एक मार्क. ओमा तिच्या खुर्चीवर बॅग मांडीवर घेऊन बसली होती. केक कापला की ती इंगेला देणार होती.

तेवढ्यात डीटर आमच्याकडे आला. बँकेतला माणूस, त्याने पाकिटं लगेच उघडून नीट लावलीही होती. त्याच्या हातात आमचा मार्क होता.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या पाकिटात हा चुकून राहिला होता," तो अदबीने ह्यांना म्हणाला.

मला रडूच आलं. आहेरातला वरचा रुपया परत! आमच्याकडे असं कुणी केलं तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद. हे गडबडले. शेवटी मीच माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "चूक नाही हो. वीस म्हटले की हिशोब संपतो. वर एक ठेवला की पुढचा सुरू होतो. तुमचा संसार शून्यावर थांबू नये, म्हणून."

डीटरचा चेहरा उजळला. "गेनाऊ! अगदी तेच! पासबुकात आम्ही गिऱ्हाइकाला एक मार्क ठेवायलाच लावतो, म्हणजे खातं चालू राहतं!" आणि तो नाणं बोटांत उंच धरून मोठमोठ्याने, आनंदाने हसला.

सभागृहाच्या त्या टोकाला बसलेल्या ओमाला दिसलं ते एवढंच: नातजावयाच्या हातात नाणं, आणि नातजावई हसतोय.

मी वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. आम्ही तिघे धावलो, मागून इंगे झग्याचा घोळ सावरत. ओमा बॅग छातीशी धरून ट्रामच्या थांब्यावर उभी होती. कोटसुद्धा घेतला नव्हता. "ओमा, ते तुम्हाला नव्हते हसत," मी म्हटलं. तिने तोंड फिरवलं. "मला डोळे आहेत, पोरी." इंगे रडकुंडीला आली, डीटर काहीबाही समजावत होता, आणि नेमकी ट्राम आली. ओमा पायरी चढली.

"तिकीट," कंडक्टर म्हणाला.

ओमाने बॅगेतून पाच मार्कांचं नाणं काढलं. कंडक्टरने आपली रिकामी चिल्लर-पेटी दाखवली. "सुटे द्या आजी. सकाळपासून जो येतो तो नोटच पुढे करतो, माझ्याकडे मोड उरली नाही."

ओमाची सुट्यांची छोटी पर्स कोटात, आणि कोट सभागृहात. मांडीएवढी बॅग पैशांनी भरलेली, आणि तिकिटापुरतं नाणं नाही!

"राहू द्या मग, पाच घेऊन टाका," मागचा एक प्रवासी म्हणाला.

"एवढ्याशा प्रवासाला चांदीचे पाच?" ओमा त्याच्यावर कडाडली. "वेड लागलंय का?"

आमच्या भल्या नवऱ्याचा हात खिशाकडे गेला. मी असं कोपर मारलं की त्यांनी तो तसाच बाहेर काढला. मग माझी नजर डीटरकडे गेली. आमचा मार्क अजून त्याच्या मुठीत होता. एक मार्कही जास्तीचा न ठेवणारा तो माणूस, त्याने मूठ गच्च आवळली आणि पाठीमागे नेली.

"काय ते ठरवा, मला उशीर होतोय," कंडक्टर म्हणाला. ओमाने त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या नाण्याकडे पाहिलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. पण ती स्वतःलाच हसत होती. डीटर पुढे झाला, तिला उतरवलं आणि त्याने न मागताच तिने बॅग त्याच्याकडे दिली. त्याचा हात एकदम खाली गेला.

"बाप रे, ओमा! हे तुम्ही हॅनोव्हरपासून मांडीवर आणलंत?"

"पहिलं नाणं निघालं तेव्हापासून आणतेय," ओमा म्हणाली.

तो हसला नाही. बॅग त्याने स्वतः उचलून आणली, टेबलावर इंगेच्या पुढ्यात ओतली, आणि तो खणखणाट ऐकून गावातली म्हातारी माणसं एकेक करून जवळ आली. नाणी हातात घेऊन, वाजवून बघत होती. ओमाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. रविवारी आम्ही निघताना ती डीटरला सांगत होती, "आता खुशाल भर तुझ्या बँकेत. तिच्या पुढ्यात पडलेले मला बघायचे होते, बस." आमच्या मार्काबद्दल तो काही बोलला नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

ओमा तिथे राहिली, आम्ही दोघेच मोकळ्या हातांनी हॅनोव्हरला परतलो. गाडीत हे म्हणाले, "अगं, केवढं कोपर मारलंस, अजून दुखतंय." मी म्हटलं, "अहो, दुखू दे. लग्न वाचलं." फार छान वाटत होतं, हे उघड सांगते. आजही त्या खेड्याचं नाव निघालं की मला मळे आठवतात, पण आधी आठवते पाठीमागे गेलेली ती मूठ. भाचीबाई, कार्ड चालतं. तरी सुटे ठेव.

पंधरवड्याने ओमा परत आली. मी स्वयंपाकघरात होते. जिना चढून ती धापा टाकत वर आली, कोटही न काढता माझ्यापुढे पाच मार्कांची एक कोरी करकरीत नोट धरली आणि म्हणाली, "पोरी, ही घे, आणि चांदीचं असेल तर दे."

"लग्न झालं की ओमा," मी म्हटलं, "आता आणि कुणासाठी?"

"वेडी आहेस," ओमा म्हणाली. "त्यांना मूल नाही का व्हायचं?"