काष्टा खोचणारा हात

"हा हात कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, "सोनाअक्काचा."

खाटेजवळ उभ्या असलेल्या माझ्या मुलाचा, विलासचा, चेहरा उतरला. सोनाअक्का माझी थोरली जाऊ. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मी सिंगापूरमध्ये, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात होते. सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये चहा गाळताना पडले, एवढंच आठवत होतं. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते आणि विलास मला मराठीत सांगत होता. स्ट्रोक झाला. म्हणजे मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली आणि डावं अंग गेलं. आपल्याकडे लकवा म्हणतात तेच. आणखी एक शब्द होता, नेग्लेक्ट. म्हणजे डावी बाजू जागेवर असते, पण मेंदू तिला मोजतच नाही. माझ्या ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची, मला ती दिसायचीच नाही.

"काहींना स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटतो. तुम्हाला वेड लागलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. हे मी मुद्दाम लिहिते. ज्याला असं होतं तो भीतीनं गप्प बसतो. गप्प बसू नका.

भीती वाटतेच. पांघरुणात माझ्या शेजारी एक गार, जड हात पडलेला असायचा. मी उजव्या हातानं तो ढकलायची. तो हलायचा नाही.

सोनाअक्कालाही लकवा झाला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी तिचा हात तेलानं चोळायची आणि म्हणायची, "अक्का, उठा आता." ती म्हणायची, "कशाला?" मी तेल चोळत राहायची. तशीच पडून पडून ती गेली.

आता दुपारी वॉर्ड शांत झाला की माझ्या डाव्या अंगाकडून तेच ऐकू यायचं. कशाला?

घरात स्वयंपाक सून करते. कपडे मशीन धुतं. नात इंग्रजीत बोलते आणि मी मान हलवते. चहा गाळणं तेवढं माझं काम होतं, ते कुणीही करेल. खाटेच्या उजवीकडे भिंत होती. मी तिच्याकडे तोंड केलं. औषध गिळायची, बाकी काही करायची नाही.

मग मेई नावाची पोरगी यायला लागली. तिचं काम ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे अंघोळ, जेवण, कपडे ही रोजची कामं पुन्हा शिकवणं.

"आंटी, व्हॉट इज युअर गोल?"

विलास म्हणाला, "आई, ती विचारते, हात चालायला लागला तर तुला काय करायचंय?" मी भिंतीकडे वळले, म्हणून त्यानंच तिला उत्तर दिलं आणि मग मला सांगितलं, "मी म्हटलं, आईला बुद्धवंदनेला हात जोडायचेत."

"बुद्धाला एक हात चालतो," मी म्हणाले. "तिला सांग, मला काही करायचं नाही."

"ओके लाह. टुमारो आय आस्क अगेन," मेई म्हणाली. आणि खरंच रोज विचारायची. चिकट पोरगी.

एका सकाळी नर्सनं मला इलॅस्टिकचा लेंगा चढवला. पडदा अर्धा उघडा होता. समोरच्या खाटेवरची बाई बघत होती. लग्न झाल्यापासून मी नऊवारीशिवाय काही नेसलेलं नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडले. सून सुजाता धावत आली.

"त्या मेईला बोलाव," मी म्हणाले. "तिला सांग, मला माझं लुगडं नेसायचंय. माझ्या हातानं."

दुसऱ्या दिवशी मेई एका तमिळ नर्सला घेऊन हजर. बिचारीनं घरून साडी आणली होती, सहावारी. मला गुंडाळायला लागली. "हे नव्हे, बाई," मी म्हणाले. मग सुजातानं घरून लुगडं आणलं. मेई एक टोक धरून मागे मागे गेली, ती थेट दारापर्यंत.

"वा! आंटी, धिस वन कॅन रॅप द होल एमआरटी!"

एमआरटी म्हणजे इथली मेट्रो. आजारपणात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

नऊवारीत कापड दोन पायांतून मागे घ्यायचं आणि कमरेला खोचायचं. तो काष्टा. एक हात धरतो, दुसरा खोचतो. माझा दुसरा हात तर मला दिसतच नव्हता. मी तसं म्हटलं. मेई म्हणाली आणि सुजातानं मराठीत सांगितलं, "पाठीमागे कुणालाच दिसत नाही, आंटी. तिथं तुम्ही आणि मी सारख्याच."

शिकवणारी असं बोलते तेव्हा ऐकावं.

आरशासमोर टॉवेलवर सराव केला. डावा हात हळूहळू थोडा हलायला लागला, पण मध्येच गळून पडायचा. लुगडं सुटायचं. डावीकडून यायचं, कशाला? मी मोठ्यानं म्हणायची, "लुगडं नेसायला." शेजारच्या खाटा बघायच्या. बघू देत.

घरी आल्यावर एका सकाळी दार लावून घेतलं. बाहेरून सुजाता म्हणाली, "आई, येऊ का आत?"

"नको."

खाटेला टेकून उभी राहिले. उजव्या हातानं कापड मागे नेऊन धरलं. मागून एक हात आला, त्यानं काष्टा खोचला आणि एक हिसका दिला.

तो हिसका मी दिला नाही. नवी नवरी होऊन आले तेव्हा सोनाअक्का माझ्या मागे उभी राहून काष्टा खोचायची आणि असाच हिसका द्यायची. "चारचौघांत सुटला तर नाव माझं जाईल," म्हणायची.

डॉक्टर म्हणतात, मेंदू असे खेळ करतो. करत असेल. हात अजून मला माझा वाटत नाही. ओट्यावर पाहुण्यासारखा पडलेला असतो. पण मी रोज उठते.

बरं होऊन काय करणार, असं तुम्हाला कुणी विचारलं तर शोभेचं उत्तर देऊ नका. दुसऱ्यानं केलेलं जे तुम्हाला सहन होत नाही, ते सांगा. मेईनं रोज विचारलं म्हणून मी सांगू शकले. तिचे उपकार आहेत.

सोनाअक्काला असं कुणी विचारलं नाही. आता सकाळी मी पाठमोरी उभी राहते आणि म्हणते, "अक्का, खोचा."

ती खोचते.