बंबात घातलेली फाइल

आजचं सांगते. कुणाला राग आला तर येऊ द्या.

माझ्या बहिणीच्या पोरीला कॉलेजात असताना डिप्रेशन झालं होतं. वर्षभर गोळ्या घेतल्या, बरी झाली. आता नवरा कॅनडात हाय, तिला तिकडं जायचंय. व्हिसाच्या मेडिकलला डॉक्टरनं विचारलं, आधी मनाचा काही आजार होता का? पोरीनं खरं सांगितलं. ते म्हणाले, एवढ्यावरून अडवत नाहीत, पण ज्यांनी उपचार केले त्यांचं पत्र आणा.

आता जुनी फाइल कुटनं आणायची? स्थळं बघायच्या आधीच बहिणीनं ती बंबात घातली. पाव्हणे आले आन कागद सापडले तर, म्हणून.

आज सात रस्ता चौकात त्या जुन्या डॉक्टरकडं गेलो. बहीण जिना चढंना. तोंडावर पदर घेऊन खालीच उभी. म्हणली, "अक्का, कुणीतरी बघंल की."

मी म्हणलं, "बघू दे. चोरी करायला आलीस व्हय?"

डॉक्टर म्हणाले, एवढं जुनं आमच्याकडंबी ठेवलेलं नाही. नव्यानं तपासतो, दोन-तीनदा यावं लागंल, मग लिहून देतो. तवर पोरीचं जाणं लटकलं.

खाली आल्यावर पोरगी आईला म्हणली, "नवऱ्याला मी लग्नाआधीच सांगितलं होतं. तू कुणापासनं लपवलंस?"

बहिणीनं पदर आणखी पुढं ओढला.

त्या फाइलीत पोरगी आजारी होती हे लिहिलं होतं, तसं ती बरी झाली हेबी लिहिलं होतं. तुमच्या घरातले असले कागद जपून ठेवलेत, का तुमीबी जाळलेत?