गाऱ्हाण्याला व्हय म्हणायला

मी देव मानत नव्हते असं नाही. घरात देव्हारा आहे, सोमवारचा उपास आहे, आणि नवरा सैन्यात असल्यावर देवाशी भांडण काढायची हिंमत कुठल्या बाईत असते? पण देवाचं काम देवाकडे आणि माझं काम माझ्याकडे, अशी वाटणी मी मनाशी करून टाकली होती. मी शाळाशाळांतून मुलांना बोलायला शिकवते. बेळगाव आणि खानापूरकडच्या शाळांत आठवडाभर माझी फेरी असते. कुणी अडखळत बोलतं, कुणाचा जन्मजात फाटलेला टाळू शिवलेला असतो, कुणाच्या कानाला यंत्र बसवलेलं असतं पण ऐकायची सवय अजून लागलेली नसते. मराठी घरातलं मूल कन्नड शाळेत गेलं की पालक विचारतात, दोन भाषांनी जीभ गोंधळली काय? मी सांगते, जीभ गोंधळत नाही, मोठी माणसं गोंधळतात. माझ्याकडे येण्याआधी बहुतेक आया चार देवळं फिरून आलेल्या असतात. तेव्हा मी म्हणायचे, "देवळात जावा की. पण मंगळवारचा तास चुकवू नका."

आमचा संसार लग्नापासून बराचसा फोनवरच झाला. हे कधी राजस्थानात, कधी आसामकडे, शेवटी उत्तरेतल्या बर्फाच्या डोंगरात. सुट्टीला यायचे तेव्हा बेळगावजवळच्या आमच्या पिरनवाडीच्या घरात पाहुण्यासारखे वावरायचे. साखरेचा डबा कुठे आहे ते विचारायचे, आणि तो कुठे आहे हे अंगवळणी पडेपर्यंत परत जायची वेळ यायची. आवाज मात्र घरात असायचा. नेटवर्क मिळालं की संध्याकाळी फोन यायचा. मी फोन फळीवर ठेवून भाकऱ्या थापायचे आणि शाळेतल्या गमती सांगायचे. "ती तुझी अबोल पोरगी आज काय म्हणाली?" असं हे आठवणीनं विचारायचे. सैनिकाच्या बायकोला नवरा म्हणजे आधी एक आवाज असतो, बाकीचा माणूस सुट्टीत येतो.

मग तिकडे घाटात ह्यांची गाडी घसरली आणि डोक्याला मार लागला. लष्कराच्या इस्पितळात मी पोचले तेव्हा हे शुद्धीवर होते. मला ओळखलं, डोळे भरले, तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. त्या क्षणी मी बायको होते, पण माझ्यातल्या शिकवणाऱ्या बाईंना पुस्तकातलं पान दिसलं. ऐकलेलं सगळं समजतं, मनात सगळं आहे, पण तोंडातून निघत नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की असं होतं. पुढे जखम भरली, उजव्या हातात बरीच ताकद परत आली आणि लांबच्या रजेवर हे घरी आले. लग्नानंतर पहिल्यांदाच हे एवढे सलग घरी राहणार होते. आवाज होता तेव्हा माणूस लांब होता. आता माणूस माझ्यासमोर पाटावर बसून जेवत होता, आणि आवाज कुठे राहिला होता कोण जाणे.

सुरुवातीला मी खचले नाही. हे तर माझंच काम, लोकांच्या मुलांना बोलतं करते ती घरच्या माणसाला करणार नाही काय? आरसा, चित्रांचे पत्ते, फुंकरीचे खेळ, सगळं घरी आणलं. पाठ असलेल्या गोष्टी अशा माणसाच्या तोंडून आधी निघतात हे मला ठाऊक होतं, म्हणून आकडे म्हणायला लावले, वार म्हणायला लावले, आरती म्हणायला लावली. ह्यांच्या जगण्यात तीन भाषा. घरची मराठी, पलटणीतली हिंदी, बाजारातली कन्नड. तिन्ही किल्ल्या लावून पाहिल्या. कुलूप उघडलं नाही. हे माझ्या ओठांकडे बघत राहायचे, कपाळावरच्या शिरा ताणायच्या आणि घशातून नुसता हुंकार यायचा. डॉक्टर म्हणाले, या पहिल्या महिन्यांत जेवढं येईल तेवढं चांगलं, नंतर कठीण होत जातं. ते वाक्य मी शाळेत जाताना बसमध्ये बरोबर घेऊन जायचे आणि तसंच परत आणायचे.

बाहेर ह्यांच्या वाटचं मीच बोलू लागले. रस्त्यात कुणी भेटून "काय आण्णा, कधी आलासा?" असं विचारलं की ह्यांचं तोंड उघडण्याआधी माझं उत्तर तयार. मग हळूहळू हे बाहेर पडायचेच बंद झाले. एका रविवारी मी कंगव्याचं चित्र पुढे धरलं होतं, पहिलीतल्या मुलांना दाखवते तेच. "हे काय? कं... कं..." माझा आवाजही शाळेतलाच लागला होता. ह्यांनी माझ्या हातातून सगळे पत्ते काढून घेतले, कडा जुळवून पेटीत ठेवले, झाकण लावलं आणि पेटी माझ्या मांडीवर ठेवली. रागानं नाही, फौजी माणूस सामान जमा करतो तसं. त्यानंतर हे सरावाला बसले नाहीत. हुंकार देणंही थांबलं. मी मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडले, कारण माझ्याकडे जे होतं ते सगळं संपलं होतं.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या गुंजीच्या पुढे आमच्या गावात धाकट्या दिरांकडे असतात. त्यांचं पहिल्यापासून एकच म्हणणं होतं, गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालूया. मी प्रत्येक वेळी "बघू" म्हणून पुढे ढकलत आले होते. त्या रविवारी त्यांचा फोन आला तेव्हा माझा आवाज ऐकूनच त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "पोरी, तू लई केलंस. आता जरा देवाला बी करू दे की. त्यो काय रिकामा बसलाय?" मला हसूही आलं आणि रडूही आलं. विश्वास बसला म्हणून नव्हे, थकले होते म्हणून मी हो म्हटलं. ठरल्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या रेल्वेनं गुंजीला उतरलो. दीर गाडी घेऊन आले होते.

आमच्या भागात गाऱ्हाणं म्हणजे आपण हात जोडून मनात पुटपुटायची प्रार्थना नव्हे. मागणारा नारळ आणि विडा ठेवून गप्प उभा राहतो. त्याचं दुःख गुरव देवाला मोठ्यानं सांगतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. एकट्याचं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही असं म्हणतात, त्याला व्हय म्हणायला माणसं लागतात. आत्यांनी शेजारपाजार गोळा केला होता. गुरवानं हात जोडले. "हे देवा रवळनाथा म्हाराजा, तुझं लेकरू आज तुझ्या दारात उभं हाय." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." "त्येची वाचा अडकल्या, ती मोकळी कर रं म्हाराजा." "व्हय म्हाराजा." माझे डोळे सवयीनं ह्यांच्या ओठांवर खिळले होते. आता बोला, आता, असं मी मनात म्हणत होते. देवाच्या दारातही मी तास घेत होते म्हणा ना. ओठ हलले नाहीत. गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटला, प्रसाद वाटला. मला राग आला नाही. एवढंच वाटलं की शेवटचं दार वाजवून झालं, आता घरी जावं.

जेवणाची वेळ झाली होती. आत्या आणि शेजारणी पानं वाढायला पुढे गेल्या, दीरही गेले. हे पायरीवर बसून राहिले म्हणून मी थांबले. तेवढ्यात इरकल नेसलेली एक म्हातारी धापा टाकत आली. हे तिचं माहेर, दिलेली नंदगडला, एवढं तिच्या गुरवाशी चाललेल्या बोलण्यातून कळलं. तिचा नातू सैन्यात भरती झाला होता. "पोरगं पयल्यांदाच बॉर्डरला गेलंय. लई दिस झालं, फोन न्हाय," ती म्हणाली आणि पदरातून नारळ काढला.

गुरव म्हणाला, "मावशी, व्हय म्हणाय माणसं होती ती आत्ताच गेली की. जरा थांबा."

"थांबून कसं हुईल? माझी बस जाईल." तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ ह्यांच्यापाशी येऊन ह्यांचा उजवा हात धरला. "ऊठ रं बाळ. तू हाईस न्हवं? माझ्या पोराला व्हय म्हण."

मी तोंड उघडलं. "आजी, ह्यांना..." पण हे उठले होते. गुरवाला सगळं माहीत होतं. त्यानं एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि देवाकडे तोंड केलं.

"हे देवा रवळनाथा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकीचा नातू आज देशाच्या शिवंवर उभा हाय."

"व्हय म्हाराजा." म्हातारी आणि मी, दोघीच.

"थंडीत, वाऱ्यात, बर्फात त्येच्या पाठीशी उभा ऱ्हा रं म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." पुन्हा दोघीच. हे ताठ उभे होते, टाचा जुळवून.

"जसं गेलंय तसं लेकरू घरला आण रं म्हाराजा."

आम्ही दोघी म्हणालो, आणि आमच्या मागोमाग, थोडा उशिरा, एक जाड, घोगरा आवाज आला. "व्हय... म्हाराजा."

मी वळून पाहिलं नाही. इतके महिने त्या ओठांवर पहारा दिला होता, आणि त्या वेळी माझी नजर समोरच्या समईवरून हलली नाही. हलली तर हे सगळं मोडेल अशी भीती वाटत होती. गुरवानं पुढचं मागणं घातलं. "त्येच्या आईचा, त्येच्या आजीचा जीव थाऱ्यावर ठेव रं म्हाराजा." आता तो आवाज वेळेवर आला, म्हातारीच्या बरोबरीनं. या खेपेला माझंच व्हय राहून गेलं, कारण मी तो आवाज ऐकत होते.

म्हातारीला यात काहीच विशेष वाटलं नाही. बाप्या माणूस व्हय म्हणतो, त्यात काय नवल? तिनं खोबऱ्याचा तुकडा ह्यांच्या हातावर ठेवला, "देव तुझं भलं करू दे," म्हणाली आणि बस गाठायला लगबगीनं निघाली. तिचं नाव मी विचारलं नाही. ह्यांनी ती वळणाआड जाईपर्यंत रस्त्याकडे पाहिलं. मग कपाळावरच्या त्या शिरा ताणल्या, बराच वेळ गेला, आणि हे म्हणाले, "येईल." तो शब्द कुठल्याही गाऱ्हाण्यातला नव्हता, कुठल्या आरतीतला नव्हता. तो ह्यांचा स्वतःचा होता, आणि तो त्या पोरासाठी होता.

घरी जाऊन मी आत्यांना चुलीपाशी सांगितलं. त्यांनी हात जोडून कपाळाला लावले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बोलला न्हवं? मग बसा आता जेवाय, भात निवतोय."

त्यानंतर सगळं एकदम सरळ झालं असं नाही. शब्द हळूहळू येत गेले, काही अजून वाटेत आहेत. माझं नाव यायला फार दिवस लागले. तोवर मी नुसती "ए" होते, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. फोनवर बोलणं अजून जड जातं. नोकरीचं काय होणार हे सैन्यानं अजून ठरवलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, ठरावीक, सगळ्यांबरोबर म्हणायचे शब्द आधी येतात, तसं झालं असेल. ते बरोबरच आहे, मी स्वतः हेच शिकले आहे. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण आरतीही ठरावीकच होती, ती का आली नाही? आमच्या गाऱ्हाण्यालाही तेच शब्द होते, तेव्हा हे गप्प का होते? मला याचं उत्तर माहीत नाही. एवढं कळतं की आम्ही सगळे ह्यांच्यासाठी काही ना काही करत होतो, आणि त्या बाईनं ह्यांच्याकडे मागितलं. बरा हो, असं तिनं म्हटलं नाही. मला तुझी गरज आहे, असं म्हटलं. तिला त्या वेळी तिथे कुणी पाठवलं हे मी कुणाला पटवून देत बसत नाही. संध्याकाळी दिवा लावताना त्या नाव नसलेल्या बाईसाठी आणि तिच्या नातवासाठी हात जोडते. शाळेतही आता मुलाला "बोल" म्हणण्याआधी मी त्याच्याकडे काहीतरी काम मागते. पलीकडच्या वर्गातल्या बाईंना हाक मारून आण, म्हणते. कधी हाक येते, कधी येत नाही. आली नाही म्हणून मी पूर्वीसारखी कासावीस होत नाही.

गावाला गेलो की गुरव आता ह्यांना बोलावणं पाठवतो. कुणी एकटंदुकटं गाऱ्हाणं घेऊन आलं आणि माणसं कमी पडली की निरोप येतो, "आण्णाला लावून द्या." हे ताटावरून हात धुऊन उठतात. मागच्या खेपेला मीही नारळ घेऊन बरोबर गेले. ज्याचं गाऱ्हाणं होतं तो माणूस गेल्यावर गुरवानं मला विचारलं, "वैनी, तुमचं काय घालू?" मागण्या तोंडाशी आल्या होत्या. राहिलेले सगळे शब्द, ह्यांची नोकरी, पुढचं आयुष्य. हे माझ्या शेजारी हात जोडून तयार उभे होते.

मी नारळ पुढे ठेवला आणि म्हणाले, "तुम्हाला सुचेल ते घाला. आम्ही दोघं व्हय म्हणतो."