ओब्दुलियाची दोन मिनिटं

सफरचंदांच्या वखारीत सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून डागी फळं वेचण्यात ओब्दुलिया सिस्नेरोसची अठरा वर्षं गेली. राज्याच्या राजधानीत ती पहिल्यांदा गेली ती पाण्यासाठी. मजुरांच्या वस्तीतल्या विहिरीला बागेतल्या फवारणीचा वास येत होता. त्याआधी चार कचेऱ्यांनी तिला एकीकडून दुसरीकडे पिटाळलं होतं, आणि चारही ठिकाणी स्पॅनिश कळणारं कुणी नव्हतं. आता तिच्यासारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिनो लोकांचं म्हणणं सरकारपुढे मांडायला आयोग नेमावा, असं विधेयक समितीपुढे आलं होतं. बोलणाऱ्याला दोन मिनिटं.

"पाण्याचं सांग नि गप खाली बस," शेजारीण हेर्मिनियानं गाडीत बजावलं. "सीमेपलीकडच्या मिचोआकानच्या आजोळापासून सुरुवात केलीस तर ऐकणारे म्हातारे होतील."

"आधीच म्हातारे आहेत ते, बाई."

नाव पुकारलं गेलं. समोर नऊ आमदार. खोलीत शिरलं की प्रत्येकाला हात देऊन विचारपूस केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. ती माइककडे गेलीच नाही. पहिल्या आमदाराचा हात हातात घेऊन तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, घरच्यांची खुशाली विचारली. मग दुसऱ्याचा. दुभाष्या मागून धावत होता. आठव्यापाशी घंटा झाली.

"वेळ संपली, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"हे एक राहिलेत," म्हणत ती नवव्याला भेटली.

वळून पाहिलं तर हेर्मिनियानं कपाळाला हात लावलेला. तेव्हा कुठे ध्यानात आलं, पाण्याबद्दल आपण अवाक्षरही काढलं नाही.

नववा आमदार स्वतः बागाईतदार, विधेयकाच्या विरोधातला. "मला प्रश्न विचारायचाय," तो म्हणाला. प्रश्नोत्तरांना घड्याळ नसे. "इतक्या लांब कशासाठी आलात, बाई?"

तिनं सांगितलं. तो वास, भांडी घासून हातांवर उठणारं पुरळ, त्या चार कचेऱ्या. "मी मागायला नाही आले, साहेब. सांगायचं कुणाला, तेवढं विचारायला आले."

विधेयक एका मतानं पुढे सरकलं. बागाईतदारानं मत विरोधातच दिलं. आयोगावर वकील आले, प्राध्यापक आले. ओब्दुलिया पुन्हा पट्ट्यासमोर उभी राहिली.

पुढच्या ऑक्टोबरात आयोगानं पाठवलेली एक मुलगी रिकाम्या बाटल्या घेऊन वस्तीत आली.

"मावशी, वास कधीपासून येतो?" तिनं स्पॅनिशमध्ये विचारलं.

"पाच वर्षं झाली," ओब्दुलिया म्हणाली, आणि हातातलं काम टाकून तिला विहिरीकडे घेऊन गेली.