बेटावरच्या क्लबचा बोलका गोलकीपर

मी आज चार लोकांसमोर उभा राहून बोलू शकतो, ते गडहिंग्लजच्या आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांमुळे. ड्रॉइंग त्यांनी मला फारसं शिकवलं नाही, माझा हातच तसा नव्हता. पण शाळेचा फुटबॉल संघही तेच सांभाळायचे. आमच्या गावाला फुटबॉल परका नाही. दिवाळीच्या सुट्टीत स्पर्धा लागली की घरोघरच्या बाया फराळाचे डबे घेऊन मैदानाच्या कडेला येऊन बसतात.

मी खेळात कच्चा होतो आणि बोलण्यात त्याहून कच्चा. वडील मिरचीच्या बाजारात तोलाईदार होते, घरात पुस्तक आलं ते माझ्या शाळेमुळेच. वर्गात उत्तर येत असूनही मी उभा राहून नुसता बाकाकडे बघायचो. एका सामन्याला सरांनी मला धरून माईकसमोर बसवलं.

"बोल."

"काय बोलू, सर?"

"तुझं मत कोण इचारत न्हाई. बॉल कुणाकडं हाय आणि कुठं चाललाय, एवढंच सांग. दिसतंय ते सांगायला काय लाज?"

मी दिसेल ते सांगत गेलो. दहावीपर्यंत अशी वेळ आली की मला गप्प करायला सर माईकची वायर उपटायचे. पुढे इंजिनिअरिंगची तोंडी परीक्षा, पुण्यातल्या मुलाखती, कॅनडातली नोकरी, सगळीकडे मी तेच केलं: दिसतंय ते सांगितलं.

गोलकीपरच्या बाबतीत सरांची एक खास पद्धत होती. सरावात गोलकीपरने एकसारखं बोलत राहायचं. कोण मोकळा आहे, कोण मागून येतोय, कुणी कुठे सरकायचं. तो गप्प झाला की सर शिट्टी मारायचे आणि अख्ख्या संघाला मैदानाला एक चक्कर. त्यामुळे बाकीचे दहाजण त्याला गप्प बसूच द्यायचे नाहीत. "सगळं मैदान त्याला एकट्याला दिसतंय," सर म्हणायचे, "आणि त्योच गप बसला तर त्याचा उपयोग काय? खांब दोन हाईतच की!"

२०१७ मध्ये मी कॅनडात किचनरला एका मराठी जोडप्याच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. काका सत्तरच्या दशकात इथे आलेले, आता रिटायर झालेले इंजिनिअर. काकू बँकेतून रिटायर झालेल्या. बेसमेंटमध्ये दोन खोल्या होत्या. एका खोलीत मी आणि दुसऱ्या खोलीत कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरून आलेला माझ्याच वयाचा एक माणूस. बेटाचं नाव सांगत नाही. ते इतकं लहान आहे की नुसत्या नावावरून तिथली माणसं त्याला ओळखतील. तो टायरच्या दुकानात काम करायचा आणि रविवारी इथल्या हौशी लीगमध्ये गोलकीपर म्हणून खेळायचा. त्याच्यासारखी उडी मी कुणाची पाहिली नाही. मात्र बोलणं जवळपास नाही. "गुड मॉर्निंग" म्हणायच्या आधीसुद्धा तो जरा विचार करायचा.

नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी तो आपण होऊन माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या बेटावर पहिलाच प्रोफेशनल क्लब निघाला होता. तोवर तिथे चांगलं खेळणाऱ्याला दोनच वाटा होत्या, खेळ सोडा किंवा बेट सोडा. त्याने बेट सोडलं आणि मग खेळही जवळपास सुटला. आता नव्या क्लबचा कोच बाहेर गेलेल्या खेळाडूंना बघायला आमच्या ऑन्टारिओ प्रांतात येणार होता. एक रविवार, एकच चाचणी.

"तीस पूर्ण होतील मला," तो म्हणाला. "यानंतर कुणी बोलावणार नाही."

"मग जा की! तुझ्याएवढा गोलकीपर त्यांना कुठे मिळणार?"

"आधीच्या दोन कोचनी सांगितलंय. मी मुका आहे म्हणून."

मला एकदम हुरूप आला. मुक्या माणसाला बोलतं करायचं काम जगात मला एकट्यालाच येतं, अशा थाटात मी म्हणालो, "उद्यापासून सुरू."

त्या आठवड्यात लवकर बर्फ पडला. ड्राइव्हवे शोव्हल करायची पाळी आमचीच होती. मी त्याला गॅरेजच्या दाराशी उभं केलं आणि सरांचा नियम लावला: रस्त्यावर जे हलेल ते मोठ्याने सांगायचं, गप्प झालास तर माझ्या वाट्याचा बर्फही तूच काढायचा. पहिल्या दिवशी त्याने दोन्ही वाटे काढले. दुसऱ्या दिवशी कुठे तोंड उघडलं.

"डावीकडून निळी गाडी. मागे बाई. बाईकडे कुत्रा. कुत्रा मोकळा! कुत्रा मोकळा!"

काकूंनी खिडकी उघडली. "अरे, याला बरं नाहीये का? एकटाच ओरडतोय तो."

"काकू, सराव चाललाय त्याचा."

मागून काका आले. "मग त्याला म्हणावं, माझ्या गाडीमागचा सगळा बर्फ मोकळा सुटलाय. त्याला कुणीच धरलेलं नाही!"

मी भाषांतर केलं. तो इतक्या मोठ्याने हसला की कुत्र्यानेही वळून पाहिलं. नंतर तो दुकानातही बोलायला लागला. विंटर टायर बसवायची गर्दी होती, तेव्हा कोण जॅक लावतोय, कुठली गाडी खाली येतेय, सगळं मोठ्याने. तिथल्या लोकांना आधी वाटलं हा प्यायलाय, मग त्यांना त्याची सवय झाली.

चाचणीच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो तर काकू दारात वाटी घेऊन उभ्या. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दहीसाखर ठेवल्याशिवाय त्या कुणाला सोडत नाहीत. काकांच्या रिटायरमेंटच्या समारंभालाही त्यांनी ती दिली होती. पण त्यांच्या हातात चमचा नव्हता. चमचा आणायला त्या आत वळल्या आणि वाटी त्याच्या हातात देऊन गेल्या. त्याला वाटलं हाच नाश्ता. थोरल्या बाईने प्रेमाने दिलेलं अन्न टाकू नये ही शिकवण त्याच्या घरातही होती. काकू चमचा घेऊन परत येईपर्यंत वाटी चाटूनपुसून रिकामी.

"अगं बाई! सगळं खाल्लंस?"

"व्हेरी गुड, काकू," तो म्हणाला.

दूधदुभतं त्याला पचत नाही हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तो कोरा चहा पितो हे मी रोज बघत होतो, पण ती त्याची आवड असेल असं मला वाटायचं. हायवेवर अर्ध्या वाटेतच त्याच्या कपाळावर घाम आला. मैदान म्हणजे हवा भरून फुगवलेला पांढरा तंबू होता, आत नकली हिरवळ. आम्ही आत शिरलो आणि तो थेट वॉशरूममध्ये.

बाहेर चाचणी सुरू झाली. बाकीचे गोलकीपर एकेक करून खेळून आले. मी दोनदा वॉशरूमच्या दाराशी जाऊन विचारून आलो. आतून उत्तर आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्यांदा मी कोचसमोर जाऊन उभा राहिलो. जाड कोट घालून तो कडेला कुडकुडत होता.

"एक गोलकीपर राहिलाय, सर."

"कुठे आहे?"

"वॉशरूममध्ये."

"घाबरलाय?"

"नाही, सर. सकाळी आमच्या घरमालकिणीने त्याला शुभेच्छा म्हणून दही दिलं. त्याने ते सगळं खाल्लं."

कोचने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू त्याचा एजंट का?"

"नाही, सर. आम्ही एकाच बेसमेंटमध्ये राहतो."

त्याला हसू आलं. "शेवटची पंधरा मिनिटं. त्याच्यासाठी थांबणार मात्र नाही."

तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "मला उडी मारता येणार नाही."

मी म्हटलं, "दिसतंय ते सांग."

पंधरा मिनिटं तो गोलमध्ये जवळजवळ एकाच जागी उभा राहिला आणि एक क्षणही गप्प बसला नाही. पुढचे बचावपटू त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले होते, नावं माहीत नव्हती. तो त्यांना बुटांच्या रंगांवरून हाका मारत होता. "लाल बूट, मागे! पांढरा, तुझ्या उजवीकडे! लाल, सोड त्याला, सोड!" सुरुवातीला ते वैतागले. मग हळूहळू त्याच्या आवाजासरशी सरकायला लागले. समोरच्यांनी तीन-चार वेळा मुसंडी मारली, पण प्रत्येक वेळी कुणी ना कुणी आधीच तिथे उभा. एकही फटका गोलपर्यंत पोचला नाही. त्याला उडी मारावीच लागली नाही. त्याचं ते मुख्य कसब कोचला दिसलंच नाही, म्हणून मी कडेला हळहळत होतो.

शिट्टी झाल्यावर कोचने त्याला बोलावलं. "मी तुला एकही बॉल अडवताना पाहिलं नाही."

पंधरा मिनिटांत त्याचं महिन्याभराचं बोलणं संपलं होतं.

"कळवतो," कोच म्हणाला.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. आम्ही त्यांना दह्याचं काही सांगितलं नाही. काकांना सांगितलं, आणि ते रात्रीपर्यंत मधूनमधून एकटेच हसत होते.

काही आठवड्यांनी निकाल कळला. पुढे पहिले सामनेही झाले, आणि मग मी सरांना पत्र लिहिलं. ते व्हॉट्सॲप वापरत नाहीत, म्हणून कागदावर.

"सर, नमस्कार.

मी तुमचा माईकवाला. किचनरहून लिहितो आहे. माझ्या शेजारच्या खोलीतल्या गोलकीपरला त्याच्या बेटावरच्या नव्या क्लबने एका हंगामासाठी घेतलं. फोन आला तेव्हा तो कुणाच्या तरी गाडीखाली होता. त्याने म्हणे गाडी जॅकवरच ठेवली आणि बाहेर बर्फात दोन फेऱ्या मारून आला. गाडीचे मालक काचेतून बघत बसले होते.

कोचने त्याला सांगितलं, उड्या मारणारे माझ्याकडे आहेत, संघ चालवणारा नव्हता. हे तुमचंच आहे, सर. मी फक्त इकडे पोचवलं. त्यालाही मी तसंच सांगितलं आहे, आणि आपल्या स्पर्धेचे फोटोही दाखवले आहेत. फराळाचे डबे कशासाठी, हे त्याला समजावता आलं नाही.

तो गेल्यापासून बेसमेंट फार शांत झालं आहे. काकूंनी अजून ती खोली भाड्याने दिलेली नाही.

आता कामाचं. त्यांचं मैदान समुद्राला लागून आहे. दुसऱ्या हाफमध्ये वारा गोलकीपरच्या तोंडावर येतो आणि त्याचा आवाज पुढच्यांपर्यंत पोचत नाही. असे दोन गोल खाल्ले त्याने. काय करायचं म्हणून मला विचारतो आहे. मला सांगता येत नाही. आपल्याकडे वारा सुटायचा तेव्हा तुम्ही गोलकीपरला काय सांगायचात, ते मला कधी ऐकूच आलं नाही, मी माईक घेऊन कर्ण्यापाशी असायचो. त्यांचा पुढचा घरचा सामना महिनाअखेरीस आहे. पत्रोत्तराला उशीर होईल. खाली माझा नंबर लिहिला आहे, नातवाला सांगून नुसता मिस्ड कॉल द्या. मी लगेच फोन करतो.

तुमचा विद्यार्थी"